दिवेलागणीची वाट

लेकीकडे स्टॉकहोमला गेलो होतो तेव्हाची, जूनमधली गोष्ट. दिवसभरात राजवाडा झाला, समुद्रातून वर काढलेलं जुनं जहाज झालं. मला अजून जुन्या गल्ल्या पाहायच्या होत्या, पण हिचे पाय बोलायला लागले, म्हणून टेकडीवरच्या एका बाकावर येऊन बसलो. समोर पाणी, पलीकडे लाल विटांचं नगरभवन, त्याच्या मनोऱ्यावर तीन सोनेरी मुकुट. मुकुटांवर ऊन होतं.

"दिवे लागले की उठू या," ही म्हणाली.

दिवे काही लागेचनात. जेवणाची वेळ टळली तरी ऊन मुकुटांवरून उतरायला तयार नव्हतं. पाणी आधी पिवळं झालं, मग सायीसारखं. एक बोट गेली आणि तिच्यामागची रेघ बराच वेळ तशीच राहिली. दिवस आणि रात्र यांच्या मधल्या फटीत आपल्याला कुणी विसरून गेलंय, असं वाटायला लागलं.

"चल, लेक जेवायची थांबली असेल."

ही हलली नाही. "संध्याकाळ एवढी मोठी असते होय," म्हणाली. "आपल्याकडे देवापाशी दिवा लावला, कुकर चढवला, की संपलीच."

मी ऑफिसातून घरी पोचायचो तेव्हा तो दिवा लागलेलाच असायचा. त्याच्या आधीचं आकाश आमच्या घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

मी पुन्हा टेकून बसलो. बऱ्याच वेळानं खाली रस्त्यावर पहिला दिवा लागला. तो आम्हा दोघांनाही दिसला. उठलं मात्र कुणीच नाही.