झुळकराची व्याख्या

माझ्या पहिल्या कादंबरीतल्या देशात माणसं गुरं पाळत नाहीत, वारे पाळतात. गुरं राखणारा गुराखी, तसा वारे राखणारा तो वाराखी. वासरू, कोकरू, पाखरू, तसं वाऱ्याचं पिल्लू म्हणजे झुळकरू. दिवेलागणीला वारे जिथे बांधून ठेवायचे, ती वारदावण. हे सगळे शब्द मला कारंज्याच्या कॉलेजात सुचले. मी तिथे ग्रंथपाल आहे, आणि परीक्षा संपल्या की वाचनालयात मी आणि पंखा एवढेच उरतो.

पुण्याच्या एका प्रकाशकांनी पुस्तक स्वीकारलं. संपादक भला माणूस होता. त्याने कळवलं की पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची हवी, आणि त्याला अडलेल्या शब्दांखाली रेघा मारून हस्तलिखित परत पाठवलं. त्या शब्दांचे अर्थ मी लिहून द्यायचे होते.

मी बाबांकडे गेले. बाबा मेडशीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि आता माझ्याकडे राहतात. आमच्या घरात पुस्तकं पुष्कळ होती, पण ती कायद्याची, इतिहासाची आणि धम्माची. पुस्तक वाचून माणसानं उभं राहावं, अशी त्यांची समजूत. नसलेल्या देशाबद्दल वाचून उभं कुठे राहायचं, हे त्यांना कळत नव्हतं. त्यामुळे माझी कादंबरी त्यांनी तोवर हातात घेतलेली नव्हती. पण व्याख्या म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. चष्मा पुसत त्यांनी पहिला शब्द विचारला.

मी म्हटलं, "झुळकरू. वाऱ्याचं पिल्लू."

"हे व्याख्या झाली काय? किती दिवसाचं होईपर्यंत झुळकरू म्हणायचं? अन् मोठं झालं हे कसं ओळखायचं?"

मी इतका काळ त्या देशात राहून आले होते, पण हा प्रश्न मला पडलाच नव्हता. बाबा म्हणाले की मग आधी पुस्तक वाचावं लागेल. ते पेन्सिल घेऊन बसले आणि रोज दुपारी वाचत राहिले. जेवताना ते मला वाऱ्यांबद्दल असं विचारायचे, जणू ते शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधलेले आहेत. शेवटी आमचं ठरलं : जो अजून दिवा विझवू शकत नाही, तो झुळकरू. ती व्याख्या बाबांची. तिच्यासाठी मला एक अख्खं प्रकरण नव्यानं लिहावं लागलं, आणि पुस्तकातलं ते सर्वांत चांगलं प्रकरण आहे.

पुढच्या पानांवर मात्र बाबा थांबले. संपादकानं धुरा, कुटार आणि पऱ्हाटी यांच्याखालीही रेघा मारल्या होत्या. कुटाराजवळ त्यानं समासात विचारलं होतं, हा कोणता प्राणी? धुऱ्याजवळ लिहिलं होतं, ही त्या देशाची सरहद्द आहे का?

मला हसू आलं. बाबा हसले नाहीत. शेताचा बांध, जनावरांचा भुसा आणि कपाशीचं झाड या रोजच्या गोष्टी. मग त्यांनी सांगितलं की ते शिकायला अकोल्याला गेले तेव्हा त्यांच्या बोलण्याला वर्गात हसायचे, आणि त्यांनी मेहनतीनं आपली भाषा बदलली. आम्हाला मुलांनाही ते घरात 'मले' म्हणू देत नसत. हे सांगताना मात्र ते स्वतःच पूर्ण वऱ्हाडीत बोलत होते.

"तुह्या मनातले शब्द सूचीत टाक," ते म्हणाले. "ते तू बनवले, त्याचा अर्थ देनं तुहं काम हाये. पन धुरा काहून टाकतं? धुरा काय तू बनवला?"

मी संपादकाला फोन केला. शब्दसूची देते म्हणाले, पण ती वाऱ्यांच्या देशाची. वऱ्हाडी शब्द कादंबरीत आहेत तसेच राहतील. आमच्या पाठ्यपुस्तकांत पुण्याकडचे शब्द यायचे तेव्हा आम्ही ते संदर्भानं समजून घेतले, वाचकही घेतील. बोलताना माझा आवाज जरा चढला असावा. तो म्हणाला की कुटाराचा परिच्छेद त्यानं पुन्हा वाचलाय, आणि नीट वाचला असता तर प्रश्न पडला नसता. सूची दोन पानांची झाली. झुळकराखाली दिवा विझवण्याची ती एकच ओळ आहे.

पुस्तक निघालं, आणि कामरगावच्या एका शाळेनं मला बोलावलं. बाबा सोबत आले. एसटीतून उतरल्यावर त्यांनी सदरा झाडला, कॉलर नीट केली आणि माझ्या पुढे चालायला लागले. वर्गात मी वाचून दाखवलं. नंतर एका मुलीनं विचारलं की जो वारा म्हातारा झाला, ज्याला आता दिवा विझवता येत नाही, त्याला झुळकरूच म्हणायचं का? मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. व्याख्येत भोक निघालं होतं, आणि त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

मी तिलाच विचारलं, तू काय म्हणशील?

तिनं फार विचार केला नाही. "निवारा," ती म्हणाली. "वारा निवला ना मॅडम, म्हून."

निवारा हा शब्द मी जन्मभर वापरत आले होते आणि त्यात मला वारा कधी दिसला नव्हता. मी तिला विचारलं, पुढच्या पुस्तकात घेऊ का?

"घ्या ना," ती म्हणाली. "पन अर्थ बदलवू नका."

परतीच्या बसमध्ये बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला, त्यानं काही विचारलेलं नसताना, सांगितलं की ही माझी पोरगी, शब्द बनवते.