डोळे मिटून दिलेलं औषध

भूमच्या दवाखान्यातले कंपाउंडर ख्रिस्ती होते. रोग्याची बाटली भरली की ती हातात धरून ते क्षणभर डोळे मिटत, ओठ हलवत आणि मगच देत. रांगेत उभ्या असलेल्या मला त्याचा रागच यायचा. बायकांना मात्र वाटे, गुण येतो तो त्यानंच. नव्या डॉक्टरनं बाटली दिली की म्हणत, "डोळं कुठं झाकलं? आमाला न्हाय चालत."

एकदा कंपाउंडरच तापानं पडले. मी भेटायला गेलो, तर शेजारची म्हातारी त्यांना औषध पाजत होती. गळ्यात कवड्यांची माळ. चमचा धरून तिनं डोळे मिटले.

"आई भवानी, ह्या लेकराला बरं कर."

मी अवघडलो. कंपाउंडर म्हणाले, "आमेन," आणि त्यांनी तोंड उघडलं.