डिंकाने चिकटवलेला कौल

माझ्या हातून एक पाप घडलं आहे आणि त्यात लाडवांचा डिंक गुंतलेला आहे. आता पंच्याहत्तरी उलटली, म्हणून सगळं नीट सांगून टाकतो.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मुलीने आम्हा दोघांना दक्षिण अमेरिकेची सहल भेट दिली. शेवटच्या तीन दिवसांसाठी फॉर्मवर दोन गावं होती, अर्जेंटिनातलं उशुआया आणि चिलीतलं पुंता आरेनास. दोन्ही खंडाच्या पार तळाशी. एकावर खूण करायची होती.

बायकोला पुंता आरेनास हवं होतं. तिने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मॅगेलनची सामुद्रधुनी फळ्यावर इतक्यांदा काढली, की नकाशा न बघता तिचं प्रत्येक वळण खडूने काढायची. ते गाव त्याच सामुद्रधुनीच्या काठावर. "एकदा त्या पाण्यात हात बुडवला की सुटले," म्हणायची.

मला उशुआया हवं होतं, कारण तिथे 'जगाचा शेवट' अशी पाटी आहे. आमच्या जॉगिंग ट्रॅकवर एक निवृत्त इंजिनिअर येतात. ते नॉर्वेच्या उत्तर टोकाला जाऊन आले होते आणि तो फोटो रोज दाखवायचे. जरा गार वारा सुटला की सुरू, "ही काय थंडी? टोकाला..." मला दुसरं टोक हवं होतं. एवढंच.

आमच्याकडे काही अडलं की कौल लावतात. देवघरातल्या सप्तशृंगीच्या फोटोच्या काचेवर दोन बाजूंना तगरीची ओली फुलं चिकटवायची. जे आधी पडेल ते देवीचं उत्तर. मुलीची शाळा, घराचा रंग, सगळं असंच ठरलं. पूजा माझ्याकडे, त्यामुळे फुलं लावणंही माझ्याकडे. उजवं फूल उशुआया, डावं पुंता आरेनास. त्या सकाळी मी डब्यातून डिंकाचा एक खडा काढला, वाटीत भिजवला आणि डाव्या फुलाला फासला.

उजवं पाच मिनिटांत पडलं. बायकोने हात जोडले. "आईची इच्छा," म्हणाली आणि खूण तिनेच केली.

उशुआयाला पाटीशेजारी मी छाती काढून उभा राहिलो. बायको मोबाइल धरून पाण्यापलीकडे बघत होती.

"अहो, समोरचं ते बेट याच्याही दक्षिणेला आहे. गाव आहे तिथे."

"आधी फोटो काढ."

"काढते. पण हे टोक नाही."

नाशिकला परतलो तर डावं फूल जागेवरच. वाळून तपकिरी झालेलं, पण घट्ट. बायको बघतच राहिली. "आईने माझं गाव धरून ठेवलंय. सोडलेलं नाही." तेव्हापासून ती काच पुसताना त्या फुलाला वळसा घालायची. अख्खी सोसायटी दर्शनाला येऊन गेली. त्या इंजिनिअरांनीही वाकून नमस्कार केला. माझा फोटो मात्र त्यांनी दोन सेकंद पाहिला. दरम्यान बायकोचे गुडघे दुखायला लागले. रोज व्यायाम करताना फुलाकडे बघून म्हणायची, "थांब हं, येते."

हे मी दोन वर्षं ऐकलं. मग मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनी हातात दोन फुलं घेऊन आल्या. त्यांच्या मुलीसाठी दोन स्थळं होती, एक दिंडोरीचं, द्राक्षबागवालं, दुसरं पिंपळगावचं, कोल्ड स्टोरेजवालं.

"भाऊजी, तुमची देवी जागृत आहे. तुम्हीच लावा फुलं."

मी हात मागे घेतले. "वहिनी, मुलीला विचारा," म्हटलं.

"मुलगी म्हणते, देवीला विचार."

मग मी तिथेच, दोघींसमोर बोलून टाकलं. डिंक, वाटी, पाटी, सगळं. वहिनी फुलं मुठीत धरून घरी गेल्या. बायको देवघराशी गेली. मग तिने फूल नखाने खरवडलं. पाकळ्यांचा भुगा झाला, देठ हलेना.

"कुठला डिंक?"

"लाडवांचा."

"म्हणजे त्या वर्षी लाडू ठिसूळ झाले म्हणून मला बोललात, ते तुम्हीच?"

"एकच खडा गं."

"देवीला फसवलंत, मला फसवलंत आणि वर लाडवांना नावं ठेवलीत!"

तिने मुलीला फोन लावला. मुलगी इतकी हसली की आधी तिला काही बोलताच येईना. मग विचारलं, "आई, जायचंय का?" या वेळी कौल लावला नाही. फॉर्म बायकोनेच भरला. अटी दोन होत्या. पाण्यात हात ती बुडवणार आणि फोटोत मी दिसणार नाही. शिवाय मला ट्रॅकवर सगळ्यांसमोर सांगायला लावलं, की मी उभा होतो ते जगाचं टोक नव्हतं. इंजिनिअर त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त चालले.

काल मी ओल्या फडक्याने देठ पुसायला गेलो, तर तिने हात धरला.

"राहू दे. मी सामुद्रधुनी बघून आले की काढा."

मग माझ्या हातातलं फडकं तिने काढून घेतलं. डिंकाचा डबा तर तिने आधीच माळ्यावर टाकलाय.