खंडेनवमीला काढलेली जाळी

कर्वेनगरमागच्या आमच्या कारखान्यात संगणकांच्या पत्र्याच्या पेट्या बनत. आयटी कंपन्या वाढत होत्या, ऑर्डरी थांबत नव्हत्या. सुरक्षिततेचं काम माझ्याकडे होतं.

खंडेनवमीला पूजेसाठी पत्रा दाबणाऱ्या प्रेसपुढची संरक्षक जाळी काढत, कारण हळदकुंकू थेट यंत्राला लागायला हवं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीनंतरही जाळी भिंतीलाच टेकलेली होती आणि आमचे सगळ्यात जुने कामगार, ज्यांना सगळे काका म्हणत, प्रेस चालवत होते.

"काका, प्रेस बंद करा. आधी जाळी."

"अहो मॅडम, परवाच नारळ फोडलाय. इतक्यात हा प्रेस कसा चावेल?"

सगळे हसले. काकांनी प्रेस बंद केला. मी फिटरला आणायला गेले. परत आले तेव्हा प्रेस पुन्हा सुरू झालेला होता आणि काका खाली बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं तुटली होती. कुणीतरी जखमेवर पूजेच्या ताटातली हळद दाबत होतं.

मी त्याला बाजूला केलं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट बांधलं, हात वर धरायला लावला. बोटं ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घातली आणि ती पिशवी बर्फात ठेवली. बोटांना बर्फ थेट लागू द्यायचा नसतो.

रिक्षात काका एकच विचारत होते, "जोडतील ना?"

डॉक्टरांनी पिशवी उघडून पाहिली. "आणलीत बरोबर. पण ही कापलेली नाहीत, चिरडलेली आहेत. जोडता येणार नाहीत."

काका म्हणाले, "घरी तुम्हीच सांगा, मॅडम. तुम्हाला नीट सांगता येतं."

मी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि मला काहीच नीट सांगता आलं नाही.