मिटरग्रुंडला तीन तास

सहलीचा कागद सासूबाईंनीच लिहायचा, यावर आमच्या घरात वाद नव्हता. वाद झाला तो कागद वाचल्यावर.

माझ्या सासूबाई, आल्बिना, यांनी चौतीस वर्षं आमच्या गावच्या स्टेशनात परदेशी तिकिटांची खिडकी सांभाळली. आमचं गाव स्लोव्हेनियातलं, पण अगदी सरहद्दीला टेकलेलं. बोगदा ओलांडला की ऑस्ट्रिया. त्या खिडकीतून बाईंनी लोकांना लिस्बनला पाठवलं, ओस्लोला पाठवलं, एका म्हाताऱ्याला तर सायकलीसकट पालेर्मोला पाठवलं. नुसतं तिकीट हातात द्यायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. तिकिटाच्या पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहायच्या: अमुक स्टेशनवर उतरा, समोरच्या फलाटावर जा, सात मिनिटं आहेत, धावू नका. ‘धावू नका’च्या खाली दोन रेघा. कॉम्प्युटर आला तरी बाईंनी पेन सोडलं नाही. आणि स्वतः? स्वतः बोगद्यापलीकडे दोनदा गेल्या असतील, तेही बूट घ्यायला.

त्या निवृत्त झाल्या त्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने, ग्रेगोरने, टूम काढली. नाताळ घरी करायचा आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गाडीने निघायचं. साल्झबर्ग, इन्सब्रुक, झ्युरिक, मिलान, व्हेनिस, त्रिएस्तवरून घरी. आम्ही दोघं, आठ वर्षांची आमची नेझा आणि आई. मला वाटलं होतं, आई नाही म्हणणार. दरवेळी म्हणायच्याच, "मी लोकांना पाठवते, मी जात नाही." या वेळी एका शब्दात हो म्हणाल्या आणि कागद-पेन घेऊन बसल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधते. त्यामुळे आवाज मोठा आणि राग नाकावर. कागदात पहिल्याच दिवसापुढे लिहिलेलं होतं: मिटरग्रुंड, उतरणे ११.१२, निघणे १४.१५.

"आई, हे काय? तीन तास?"

"हो."

"तिथे आहे काय?"

"स्टेशन आहे."

"अहो, स्टेशनं बघायला निघालोय का आपण? चौतीस वर्षं बघितलंत ते पुरलं नाही? साल्झबर्गला तीन तास जास्त मिळाले असते, पोरीने किल्ला बघितला असता! तिथे काय बघणार, बाक?"

"दार्या, तुला नको असेल तर तुम्ही तिघं पुढे जा. मी मागच्या गाडीने येते."

असं म्हटल्यावर काय बोलणार, कपाळ! ग्रेगोर तर तोंडात मूग धरून बसला होता. त्याच्या आईपुढे तो नेहमी तसाच बसतो.

सव्वीस तारखेला निघालो. बोगदा संपला आणि दोन्ही बाजूंना बर्फच बर्फ. मी पोटित्सा, म्हणजे आमचा अक्रोडाच्या सारणाचा नाताळचा गोड पाव, कापून सगळ्यांना दिली, थर्मासमधला चहा ओतला. आई काही खाईनात. मांडीवर हात घेऊन सरळ बसलेल्या, जसं काही तपासणीस येऊन त्यांनाच तिकीट विचारणार होता.

"आजी, मिटरग्रुंडला एवढाच बर्फ आहे?" नेझाने विचारलं.

"याहून जास्त आहे गं. तेच तर झालं ना."

"काय झालं?"

आणि मग बाई बोलल्या. अठरा वर्षांत पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं, ते नातीला सांगितलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सगळ्या युरोपचं वेळापत्रक बदलतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. अठरा वर्षांपूर्वी, त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, एक कुटुंब खिडकीवर आलं. नवरा दगडाच्या खाणीत कामाला, थंडीत खाण बंद. बायको, पाच वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचं तान्हं बाळ. वर्षभर पैसे बाजूला टाकून आयुष्यातली पहिली सहल काढली होती, इन्सब्रुकपर्यंत. निघायचं पुढच्या गुरुवारी. आईंच्या टेबलावर जुनं आणि नवं, दोन्ही वेळापत्रकांची पुस्तकं शेजारी शेजारी. खिडकीबाहेर रांग लागलेली. हात सवयीने जुन्याकडे गेला. त्यातून बघून त्यांनी पाकिटावर लिहिलं: मिटरग्रुंडला उतरा, त्याच फलाटावर थांबा, पावणेसहाची गाडी पुढे नेईल.

"आणि नव्या वेळापत्रकात पावणेसहाची गाडीच नव्हती," आई म्हणाल्या. "बंद केली होती. पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मला कळलं ते गुरुवारी संध्याकाळी, साडेपाचला. दुसऱ्या कोणाचं तिकीट करताना. त्या वेळी ते लोक तिथे उतरत होते, नेझा. अंधार, उणे चौदा, आणि त्या स्टेशनातला मास्तर तर आधीच काढून घेतलेला. मी फोन करत राहिले. वाजत राहिला."

"मग?" ग्रेगोरने विचारलं.

"मग काही नाही. सोमवारी तिथल्या पोलिसांना विचारलं. म्हणाले, तसं काही नोंदवलेलं नाही. म्हणजे मेलं नव्हतं कोणी. पण बाळाला न्यूमोनिया झाला असेल तर ते पोलिसांना कोण सांगतं? तिकिटावर नाव नसतं. शोधायचं कुठे? मला वाटायचं, परतल्यावर येतील खिडकीवर, ओरडतील माझ्यावर, साहेबाला बोलावतील. रोज वाट बघायची. आलेच नाहीत."

"आणि इतकी वर्षं जाऊन का नाही बघितलंत?" मी विचारलं. पहिल्यांदाच हळू आवाजात.

"भीती वाटायची गं. वाईट ऐकायला मिळालं तर? पण आता खिडकीही गेली. आता नाही विचारलं तर कधी विचारणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किल्ल्यावरून त्यांना काय काय बोलले होते मी! त्यांचा हात धरला, तर बर्फासारखा गार. म्हटलं, "आई, मी आहे तुमच्याबरोबर. काय ऐकायचं ते मिळून ऐकू." त्यावर त्या म्हणाल्या, "आवाज खाली ठेव म्हणजे झालं." तेवढ्यातही!

मिटरग्रुंडला आम्ही चौघंच उतरलो. स्टेशनची इमारत बंद, खिडक्यांना फळ्या. एक तिकिटाचं यंत्र आणि एक बाक. आई बाकाजवळ उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. मोजल्यासारखं इकडेतिकडे बघत होत्या: वारा कुठून येतो, आडोसा आहे का, दिवा किती लांब. आडोसा नव्हता.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घरातून एक म्हातारी बर्फ काढायचं फावडं घेऊन बाहेर आली आणि ओरडली, "पुढची गाडी सव्वादोनला आहे हो! तिथे उभ्या राहून काय पुतळा व्हायचंय?"

मला ती बाई त्याच क्षणी आवडली.

आईंचं जर्मन म्हणजे खिडकीवरचं, एकदम इस्त्रीचं. रस्ता ओलांडून त्या तिच्यासमोर गेल्या आणि म्हणाल्या, "माफ करा. अठरा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, एका गुरुवारी संध्याकाळी इथे एक कुटुंब उतरलं होतं. बरोबर तान्हं बाळ होतं. त्यांचं काय झालं, कोणाला विचारू?"

म्हातारीने फावडं बर्फात रोवलं. "मलाच विचारा की," ती म्हणाली. "बाळ माझ्या कपड्यांच्या टोपलीत झोपलं होतं, चुलीशेजारी."

आई खालीच बसल्या. बर्फात. ग्रेगोरने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि आत नेलं.

तिचं नाव नोटबुर्गा, सगळे बुर्गी म्हणतात. स्वयंपाकघरात बसवून तिने आम्हाला गरम सूप वाढलं आणि सगळं सांगितलं. ते वेळापत्रक बदललं तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज कोणी ना कोणी तिथे अडकायचं. म्हणून तिचा नवरा संध्याकाळच्या गाडीला बॅटरी घेऊन जायचा, कोणी उतरलंय का बघायला. त्या गुरुवारी गाय व्यायला टेकली होती, म्हणून त्याला वीस मिनिटं उशीर झाला. तो चौघांना घेऊनच आला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी होती," बुर्गी म्हणाली, "पण मोठी पोरगी घसरगाडी सोडीना. बाळ टोपली सोडीना. शेवटी आठवडाभर इथेच राहिले. इन्सब्रुक गेलं उडत! अहो, त्यानंतर दरवर्षी येतात. मधे माझा नवरा गेला तेव्हाही आले. एनेसने, त्या बापाने, अंगणातली भिंत बांधून दिली. आता ग्राझला असतात. माझं पोरबाळ नाही. माझा नाताळ म्हणजे ती माणसं. परवा यायचीत."

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांना धारच लागली. ओळख ना पाळख, भाषा वेगळी, आणि त्या नवरा-बायकोने परक्या लेकरांना चुलीशेजारी घेतलं. ज्या बाळाच्या काळजीत माझ्या सासूबाईंनी अठरा वर्षं काढली ते इथे सूप पिऊन गुबगुबीत झालं होतं, आणि आम्हाला पत्ताच नाही! मी उठून बुर्गीला मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, हाडं मोडशील," पण सोडलं नाही तिनेही.

आईंनी मात्र चमचाही उचलला नव्हता.

"तुम्हाला सांगायला हवं," त्या बुर्गीला म्हणाल्या. "त्यांना इथे उतरायला मी लिहून दिलं होतं. चुकून."

बुर्गी बघतच राहिली. मग तिने भिंतीवरचा फोन काढला, नंबर फिरवला, दोन शब्द बोलली आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून आमच्याच भाषेत एका बाईचा आवाज आला. "हॅलो? मी सबिहा. तुम्ही खरंच त्या खिडकीवरच्या बाई?"

"मीच ती," आई म्हणाल्या. "पोरी, ती गाडी बंद झाली होती. मी जुन्या पुस्तकात बघितलं."

"चूक होती ती?" सबिहा हसायलाच लागली. "एनेस अजून म्हणतो, बाईंना ठाऊक होतं, इथली माणसं चांगली आहेत, म्हणून मुद्दाम इथे उतरवलं!"

"मुद्दाम नाही. चुकलेच मी. बाळाला काही झालं का?"

"तो? सहा फूट झालाय. माझं ऐकत नाही."

आईंनी श्वास सोडला. मला वाटलं, झालं एकदाचं. पण त्या पुढे वाकल्या. "तुम्हाला थंडी वाजली का त्या बाकावर? गोड बोलू नकोस. खरं सांग."



"वाजली," सबिहा म्हणाली. "खूप वाजली. वीस मिनिटं मला वाटलं, आपण पोरांना मारायला आणलं. मी रडत होते आणि तुम्हाला शिव्या घालत होते. अशा घातल्या की एनेसने पोरीचे कान झाकले."

मी फोन हिसकावायलाच निघाले होते. म्हाताऱ्या माणसाला असं सांगतात का? आईंनी माझा हात बाजूला केला.

"कोणत्या घातल्यास?"

"अहो, आता कसं सांगू तुम्हाला?"

"सांग. माझ्या आहेत त्या."

सबिहाने सांगितल्या. एकेक, अडखळत, मग न अडखळता. दोनशे पोरांच्या स्वयंपाकघरात राहून मी पुष्कळ ऐकलंय, पण त्यातल्या दोन मलाही नव्या होत्या. नेझा तर कान टवकारून बसली होती आणि मला तिला आवरायचं सुचलंच नाही. बुर्गीला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती मान हलवत होती. आईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या.

"आभारी आहे पोरी," त्या म्हणाल्या. "फार आभारी आहे."

मग त्यांनी निवलेलं सूप पुढे ओढलं, सगळं संपवलं आणि बुर्गीकडे आणखी मागितलं.