मैत्रिणीने दिलेलं सफरचंदाचं झाड

घरी झाडं लावणाऱ्या मंडळींनो, आज संध्याकाळी घडलेलं सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या शुभाने हिमाचलहून सफरचंदाची दोन कलमं मागवली. एक स्वतः लावलं, एक मला दिलं. "दोन्ही सारखीच गं," म्हणाली.

माझ्या झाडाला दर वर्षी पानं आली, फूल कधीच नाही. आपल्याकडची थंडी त्याला पुरत नसणार, म्हणून मी हिवाळाभर मुळाशी बर्फ टाकायचे. शुभा हसायची, "काय गं, मनाली करतेस का इथे?" आणि स्वतःच्या फ्रीजमधला बर्फही आणून द्यायची.

आज तिने तिच्या झाडाची पहिली सफरचंदं उतरवली. शेजारच्या काकांनी विचारलं, "या उकाड्यात लागली कशी?"

"ही कमी थंडीत फळणारी जात आहे, काका. मुद्दाम मागवली."

मी विचारलं, "आणि माझं झाड?"

"तुझं साधं. अगं, या जातीचं एकच मिळालं होतं. सांगितलं असतं तर तू हेच मागितलं असतंस."

मागितलं असतं. ती नाही म्हणाली असती, तर मी चिकू लावून मोकळी झाले असते. पण माझ्या झाडाला इथे फळ धरणार नाही, हे माहीत असताना तिने मला बर्फ आणून दिला.

सगळ्यांसमोर तिने एक फोड माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. गोड होती, आणि मी तसं म्हणालेही.

तुम्ही म्हणाला असतात?