गोरख बिडव्याच्या चार खुर्च्या

सावेडीत गोरख बिडव्याच्या सलूनमध्ये सोळा वर्षं एकच खुर्ची होती. तिच्यात बसलेला माणूस लवकर उठत नसे, कारण गोरखचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालायचं. गावाकडचा किस्सा रंगात आला की हात थांबायचा, आणि गिऱ्हाईक अर्धवट डोक्यानं "मग? पुढं काय झालं?" विचारत बसायचं. बाहेरच्या बाकावरची माणसं दोनदा चहा पिऊन यायची. काही तशीच घरी जायची.

शेजारचा झेरॉक्सचा गाळा रिकामा झाला, तेव्हा त्याच्या बायकोनं, मोनिकानं, परस्पर गाळामालकाशी बोलून टाकलं. "अहो, मधली भिंत पाडा. चार खुर्च्या टाका. माणसं ठेवा."

भिंत पाडणं सोपं होतं. आरसे, खुर्च्या, दारात दोन कुंड्या, सगळं महिन्याभरात उभं राहिलं. अडलं ते माणसांपाशी. 'कारागीर पाहिजेत' अशी पाटी लावली खरी, पण आपल्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला परक्याचा हात लागणार, या विचारानंच गोरखला कसंतरी व्हायचं. शेवटी त्यानं तोडगा काढला. जो येईल त्यानं आधी गोरखचेच केस कापून दाखवायचे.

पहिला पुण्यात काम करून आलेला. त्यानं डाव्या बाजूनं मशीन अशी फिरवली, की कानावरची कातडी चकाकायला लागली. "हीच फॅशन आहे, काका," तो म्हणाला. 'काका' ऐकताक्षणी तो नापास झाला. दुसरा सुनील, नागापूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून पुन्हा घरच्या धंद्याकडं वळलेला. त्यानं उजवी बाजू डावीशी जुळवायला घेतली, मग डावी उजवीशी. दुपारपर्यंत गोरखच्या डोक्यावर मधोमध तेवढा एक पट्टा उरला. मोनिका शाळेच्या ऑफिसातलं काम आटपून आली, दारातच थबकली आणि तोंड दाबून हसत बसली.

तेवढ्यात पंकजा आली. तिशीतली, दोन पार्लरमध्ये काम केलेली. गोरख पुन्हा खुर्चीत बसला. तिनं एकदा त्याच्या डोक्याकडं पाहिलं.

"इथं परीक्षा देण्यासारखं काही राहिलेलं नाही," ती म्हणाली. "आधी जागा दाखवा."

गोरखनं आरसे दाखवले, कुंड्यासुद्धा दाखवल्या.

"छान आहे. पण चार माणसं डबा कुठं खाणार? बायकांना बाथरूमची सोय? पाय भरून आले तर टेकायला स्टूल? दोघांना एकाच दिवशी सुट्टी लागली तर?"

खुर्च्यांचा गोरखनं महिनाभर विचार केला होता. खुर्चीमागं दिवसभर उभं राहणाऱ्याचा एकदाही नाही. तो स्वतः सोळा वर्षं दोन गिऱ्हाइकांच्या मधे उभ्यानंच चार घास गिळत आला होता.

"ताई, तुम्ही उद्यापासूनच या," मोनिका म्हणाली.

पंकजानं सुनीललाही परत बोलवायला लावलं. "हात वाईट नाही त्याचा. थांबायचं कुठं, तेवढं शिकवावं लागेल."

चौथा अंगद, घोडेगावचा. "खरं सांगू का, दादा? मानसांची केसं दोन वर्सं कापली, पन हात बसला तो म्हशींवर. बाजाराला आनलेल्या म्हशी भादरून द्यायचो."

गोरखचं तोंड कडू झालं. 'कळवतो' म्हणणार, तेवढ्यात समोरच्या सोसायटीतली धनश्री तीन वर्षांच्या लेकाला काखेत मारून आत आली. मशीन दिसताच पोरानं टाहो फोडला. गोरखनं चॉकलेट दाखवलं, गोष्ट सुरू केली. पोर आणखीच भडकलं. अंगद मुकाट्यानं जवळ गेला. बंद मशीन पोराच्या हातात दिली, मग चालू करून आपल्या मनगटाला लावली, मग त्याच्या तळहाताला. दुसऱ्या हातानं कानामागं हळूहळू खाजवत राहिला. रडणं थांबलं. दहा मिनिटांत केस कापून झाले.

"हे कुठं शिकलास?"

"बुजलेली म्हस लाथ घालती, दादा. ह्ये तर नुसतं रडतंय."

गोरखनं त्याला तिथल्या तिथं ठेवून घेतलं. म्हशींचं कुणाला सांगायचं नाही, एवढी अट घातली, आणि आठ दिवसांत स्वतःच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून मोकळा झाला.

दुकान तर सुरू झालं, पण तीन खुर्च्या रिकाम्याच. येईल तो म्हणे, "मी गोरखकडंच बसतो." गोरख वरवर "तिकडं बसा की," म्हणायचा आणि आतून सुखावायचा. पंकजाच्या नजरेतून ते सुटलं नाही. "दादा, तुम्ही माणसं आमच्याकडं अशी पाठवता, जणू दाढ काढायला पाठवताय."

हे बोलणं लागलं. शनिवारी निवृत्त शिक्षक पुंजाराम सर आले, तेव्हा गोरखनं मन घट्ट केलं आणि त्यांना अंगदच्या खुर्चीत बसवलं. पण पाय काही हलेना. "कानामागं जपून... सरांचा भांग डावीकडं..."

सरांनी चष्मा काढला. "गोरख, बाहेर जा."

तो चहाच्या गाडीपाशी उभा राहून काचेतून बघत राहिला. थोड्या वेळानं सरांची मान एकदम खाली गेली. गोरख कप टाकून आत धावला. अंगदनं ओठांवर बोट ठेवलं. सर घोरत होते.

"चौदा वर्षं येतोय तुझ्याकडं," उठल्यावर सर म्हणाले. "आज पहिल्यांदा डोळा लागला. तू झोपू देतोस कुठं?"

सगळं दुकान हसलं. गोरखही हसला, पण घरी ताटावरून लवकर उठला. मोनिकानं एवढंच विचारलं, "सर परत येतो म्हणाले का?" सर पुढचा शनिवार सांगून गेले होते, अंगदकडं. गोरख परत ताटावर येऊन बसला.

दोन महिन्यांत चारही खुर्च्या भरू लागल्या. पुढं एका रविवारी नेवाशात भाचीचं लग्न निघालं. न्हाव्याला रविवारी लग्न कसलं! आजवर तो मांडव उतरवायच्या वेळेलाच पोचायचा. या खेपेला सकाळीच हजर झाला, तेव्हा बहिणीनं आधी घाबरून विचारलं, "दादा, दुकान बंद पडलं का काय?"

पहिल्या पंगतीला बसला आणि फोन वाजला. सुनील विचारत होता, नव्या ब्लेडचा खोका कुठंय? गोरख अर्धा उठला. तेवढ्यात पलीकडं फोन पंकजाच्या हातात गेला. "सापडलाय, दादा. जेवा तुम्ही."

गोरखनं मांडी पुन्हा नीट घातली आणि जिलेबी वाढणाऱ्याला जोरात हाक मारली.